सदतीस गुलाबी फिती

नागानो, २९ एप्रिल

नुपूर,

फोनमधल्या लाइन अ‍ॅपवरच्या माझ्या अकरा निरोपांपुढे ‘वाचलं’ ही खूण उमटली नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. पाकीट उघडलंस की नाही हे मला कळणार नाही, तेवढीच सोय. मराठीतच लिहिते. तुला अक्षर अक्षर लावत वाचावं लागतं, ठाऊक आहे. पण यात घाईने वाचण्यासारखं काही नाही.

आधी इकडचं सांगते. चेरी संपली, सफरचंदाची फुलं गळायला लागली. हिवाळ्यातून माश्यांच्या बावीस पेट्या तगल्या, दोन गेल्या. मारुयामा-साननी गुडघ्याचं ऑपरेशन परत पुढे ढकललंय. “अकाशियाचा बहर झाला की जातो,” म्हणतात. गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते. आता एकोणऐंशीचे आहेत. त्यांच्याकडे तासांवर बाइतो करायला लागले त्याला चार वर्षं झाली, अजून त्यांच्या तोंडात मी ‘बाइबाबी-सान’च आहे. वैभवी म्हणून पाहतात, जमत नाही, मग दोघंही हसतो.

बाबांचा पुण्याहून फोन होता. त्यांची बदली झाली तेव्हा टोक्योतलं एदोगावाचं घर आवरून मी त्यांच्याबरोबर गेले नाही, याचा राग आता ओसरलाय. हल्ली फक्त मधाची बाटली कधी पाठवतेस विचारतात. तू तेव्हा म्हणाली होतीस, “बाबा पुण्यात, मी कोबेत आणि आई पोळ्यात.” ते मी परवा मारुयामा-सानना जपानीत सांगितलं. हसता हसता त्यांच्या हातातला चहा सांडला.

पुलाखालची अकाशियाची राई आता नाही. फेब्रुवारीत तोडली ते तुला माहीत आहेच. नदीच्या गोट्यांवर आता सगळीकडे ऊन पडतं आणि बुंधे दिसतात. सायकलवरून जाताना मी पलीकडच्या बाजूला बघते.

मार्चमधल्या बैठकीचं मला मारुयामा-साननी सांगितलं. नदी कार्यालयाच्या सभागृहात कोबेच्या विद्यापीठातली एक मुलगी उठली, कमरेत वाकली आणि म्हणाली, झाडांवर खुणा नीट राहिल्या नाहीत, चूक माझी. त्यांनी नाव सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तू इथे येऊन गेलीस आणि स्टेशनवरून पंधरा मिनिटांवर असलेल्या घरी आली नाहीस.

त्या रात्रीचा तुझा फोन. तुझ्या विद्यापीठातल्या शिराकावा-सेन्सेईंनी तुला नदीच्या कामावरून काढलं, खुणा बांधल्याच नव्हत्यास असं त्यांना वाटतं, असं तू रडत सांगत होतीस. मी म्हटलं, “होतं गं असं. थंडीवाऱ्याने सुटल्या असतील.” तुझं रडणं थांबलं. मग म्हणालीस, “आई, माझ्या गाठी सुटत नाहीत,” आणि फोन ठेवलास.

२४ मेला पुन्हा बैठक आहे, नदीच्या वरच्या अंगाच्या राईबद्दल. मी जाणार आहे.

एवढंच लिहायचं होतं असं नाही. पण आज एवढंच जमलं.

आई


९ मे

नुपूर,

आज दिवसभर सफाई केली. तू एकदाच आली होतीस त्या सुट्टीत पेट्या पाहिल्यास, पण हे काम पाहिलं नव्हतंस. अकाशिया फुलायच्या आधी पोळ्यांतला चेरीचा, मोहरीचा, सफरचंदाचा सगळा मध काढून घ्यायचा. विकण्यासाठी नाही. तो माश्यांना पुढे खायला घालण्यासाठी बाजूला ठेवतात. पोळं रिकामं झालं की मगच अकाशियाचा मध पाण्यासारखा नितळ उतरतो. जुन्याचे चार थेंब राहिले तरी सगळा पिवळा पडतो.

पहिल्या वर्षी मी एक पेटी विसरले होते. मारुयामा-साननी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, “बाइबाबी-सान, चेरीला निरोप द्यायचा राहिला वाटतं.” ओरडले नाहीत. ती बाटली अजून त्यांच्या खिडकीत आहे. कोणी आलं की दाखवतात, “हा भारतीय मध.”

आज बाविसाव्या पेटीचं काम संपलं तेव्हा हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. तशीच बांधावर बसले आणि ठरवलं की आता लिहायचंच.

फिती मी काढल्या.

१८ जानेवारी, शनिवार. दुपारी बाराच्या सुमारास पुलाखाली गेले होते. बर्फ घोट्यापर्यंत होतं, आसपास कोणी नव्हतं. बांधालगतच्या झाडांना छातीच्या उंचीवर गुलाबी फिती दिसल्या. मारुयामा-सानच्या डोंगरातल्या देवदारांत विरळणी असते तेव्हा जे पाडायचं त्याला गुलाबी फीत बांधतात. गेली तीन वर्षं मीच त्या बांधतेय. माझ्या डोक्यात गुलाबी म्हणजे तोड. दुसरं काही असू शकेल हे मनात आलं नाही. ही राई काढायची चर्चा चालू होती. २०१९च्या पुरात हीच झाडं वाहत जाऊन पुलाच्या खांबांना अडकली होती, म्हणून गावालाही ती नकोशी झाली होती. मला वाटलं, आजपासून सुरुवात झाली.

मी सदतीस फिती कापून काढल्या. कोणी बांधल्यात ते मला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये मारुयामा-साननी बैठकीतून नकाशा आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. त्यावर सदतीस गोल होते, शेजारी लिहिलं होतं: मधमाश्यांसाठी राखायची झाडं. ठेकेदाराला सूचना होती की फीत नसेल ते सगळं पाडा.

ती तू राखून घेतली होतीस. नदीतल्या गोट्यांत उगवणाऱ्या तुझ्या रानशेवंतीला या झाडांची सावली मारते, म्हणून राई काढायला हवी, हे तुझं काम. तरी त्यातली बांधालगतची, शेवंतीच्या आड न येणारी, सगळ्यांत जास्त फुलणारी झाडं तू शोधलीस. शिराकावा-सेन्सेईंशी आणि कार्यालयाशी भांडून ती ठेवून घेतलीस. आणि मला सांगितलं नाहीस. का सांगशील? डिसेंबरात मी तुला फोनवर काय म्हटलं होतं? “तुझ्या मूठभर फुलांसाठी माझ्या माश्यांच्या तोंडचा घास काढणार तुम्ही?” तू म्हणालीस, “आई, तू विचारतच नाहीस. ठरवून मोकळी होतेस.”

मार्चच्या त्या फोनच्या वेळी नकाशा माझ्यासमोरच होता, नुपूर. तो बघत मी तुला थंडीवाऱ्याचं सांगितलं.

२४ तारखेच्या बैठकीत हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. सेन्सेईंनाही तिथे बोलावलंय. तू माफ करावंस म्हणून हे करत नाहीये. तुझ्यावर आलेलं माझ्यावर यायला हवं, एवढ्याचसाठी.

आई


१८ मे

नुपूर,

तुझं पोस्टकार्ड गुरुवारी आलं. जपानीत तीन ओळी. किती फिती? आकडे वाचता येतात का? आता कुठे आहेत? वर ‘आई’ नाही, खाली नाव नाही. ते फ्रिजवर लावलंय.

उत्तर: सदतीस. फितींवरचे सगळे आकडे स्वच्छ वाचता येतात. बिस्किटांच्या निळ्या डब्यात आहेत, स्वयंपाकघरात वरच्या फळीवर.

आणि आता मागच्या पत्रातल्या दोन खोट्या गोष्टी.

मी त्या कापल्या नाहीत, सोडवल्या. कात्री खिशात होती. हातमोजे काढून, बोटं बधिर होईपर्यंत, एकेक दुहेरी गाठ नखांनी उकलली. तीन तास लागले. शेवटच्या दहा-बारा तर दातांनी. बालवाडीत तुझ्या डब्याच्या रुमालाला तू अशीच गाठ मारायचीस. मग जेवायच्या वेळी ती बाईंनाही सुटायची नाही आणि तुम्ही दोघी रडकुंडीला यायचात. ती गाठ मी ओळखणार नाही?

आकडे तर पाहिल्याबरोबर ओळखले. सातच्या पोटात आडवी रेघ. पहिलीत तुझ्या शिक्षकांनी त्या सातला लाल फुली मारली, असा सात जपानात नसतो म्हणाले. मी एदोगावाच्या त्या शाळेत मोडक्या जपानीत भांडायला गेले होते. “माझ्या आईचा सात आहे,” असं तू त्यांना सांगितलं होतंस, ते मला तिथे कळलं. पुढे सगळं जपानी वळणाचं झालं तुझं, तो सात तेवढा राहिला.

मी बांधावरून उतरले ती सतरा नंबरच्या झाडापाशी, तिथेच तो सात पाहिला. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहायला मला चार महिने लागले. मनात आलं, माझी मुलगी माझ्या झाडांवर मरणाचा आकडा घालून गेली, आणि भेटलीसुद्धा नाही. आणि मला तुझा इतका राग आला की त्या दिवशी मी झाडं वाचवत नव्हतेच. तू केलेलं उलटं करत होते. दुसऱ्या कोणाच्या फिती असत्या तर मी आधी कार्यालयात फोन करून विचारलं असतं. तुझ्या होत्या म्हणून विचारलं नाही. तू माझं वाईटच करशील, हे मी धरूनच चालले.

हे सगळ्यांत वाईट आहे. बाकीची चूक गुलाबी रंगाची होती.

काल मारुयामा-सानना सांगितलं. ते पेटीवर दगड ठेवत होते. ऐकून घेतलं, शेजारच्या पेटीवरही दगड ठेवला. मग म्हणाले, “फुलं दहा दिवस असतात. पाऊस आला तर सात. आधी पेट्यांवर मधाचे मजले चढवून घे.” आम्ही संध्याकाळपर्यंत काम केलं. गाडीत बसताना ते म्हणाले, “नदीकाठी पेट्या ठेवायच्या परवान्यावर या वर्षी तुझं नाव लावायचं होतं. अर्ज नदी कार्यालयाच्याच टेबलावर आहे.”

“हो.”

“सांगितलंस तर मिळणार नाही.”

“माहीत आहे.”

“परवाना नसेल तर माझ्यानंतर या पेट्या कुठे ठेवशील?”

“नाही माहीत.”

त्यांनी गाडी सुरू केली. फाटकाशी आल्यावर म्हणाले, “चोवीसला मी पण येतो. तू जपानी बोलताना घाबरलीस की क्रियापदं गिळतेस.”

वरच्या अंगाला परवापासून बहर लागलाय. पांढरे घोस नुसते लोंबतायत. हादग्याचं फूल बोटाच्या पेराएवढं करून झुंबरात गुंफावं तसे. वास बांधापर्यंत येतो. सकाळी नऊनंतर माश्या झाडावर दिसत नाहीत, नुसता आवाज येतो, आख्खं झाड तापलेल्या तव्यासारखं गुणगुणतं. पेटीच्या तोंडाशी परत येणाऱ्या माश्या इतक्या जड असतात की फळीवर न उतरता गवतात पडतात आणि चालत आत जातात. मी त्यांच्या वाटेतून पाय बाजूला घेते.

शेजारच्या काकूंनी फुलं पिठात तळून तेम्पुरा दिला. मी तीच फुलं बेसनात घालून त्यांना भजी दिली. त्यांनी कृती लिहून घेतली.

ही फुलं मला हवी आहेत, नुपूर. ते मी लपवणार नाही. पण चोवीसला मी जाणारच आहे.

आई


२५ मे, रविवार

नुपूर,

काल काय झालं ते कोणी दुसऱ्याने सांगायच्या आत लिहिते.

सभागृहात चाळीसेक माणसं होती. बाहेर चपला काढताना डबा काखेत धरला होता, आतल्या फिती सळसळत होत्या. मारुयामा-सान काठी टेकत पुढच्या रांगेत बसले, मला शेजारी बसवलं. कार्यालयाचे मियाशिता-सान नकाशे दाखवत होते. ‘गेल्या वेळच्या खुणांमधल्या त्रुटी’ असं त्यांच्या तोंडून निघालं, तेव्हा मी हात वर केला.

काय बोलायचं ते पाठ केलं होतं. उठल्यावर त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. म्हटलं, “त्रुटी नव्हती. फिती बांधलेल्या होत्या. मी काढल्या.” आणि डबा टेबलावर ठेवला.

मागून एक सफरचंदवाले आजोबा मोठ्याने म्हणाले, “माश्यावाली बाईच?” मारुयामा-सान न वळता म्हणाले, “हो, तीच. ऐका तिचं.”

मग सगळं सांगितलं. तारीख, वेळ, मी गुलाबीचा अर्थ काय समजले, कोणाला विचारलं नाही. तू माझी मुलगी आहेस, हेही. क्रियापदं गिळली नाहीत. मियाशिता-सान अगदी हळू आवाजात म्हणाले, “हे आपण लेखी देऊ शकाल का?”

“लेखी आणलंय,” मी म्हटलं. दोन प्रती होत्या. एक त्यांना दिली, एक तुझ्या सेन्सेईंना.

शिराकावा-सेन्सेईंनी कागद वाचला नाही, आधी डबा उघडला. फिती एकेक करून टेबलावर सरळ लावत गेले, एक, दोन, तीन, सगळं सभागृह बघत होतं. सातवर थांबले. चष्मा वर केला. म्हणाले, “हा सात तिचाच.” मग सदतीसपर्यंत लावून झाल्यावर उठून माझ्यासमोर वाकले. का वाकले ते मला कळलं नाही. मी त्यांच्याहून खाली वाकले. तुला सोमवारी स्वतः फोन करणार आहेत. बैठकीच्या इतिवृत्तात मार्चच्या नोंदीखाली दुरुस्ती होईल, तुझं नाव घेऊन. ती मी मियाशिता-सानकडून वाचून घेतली आणि तुझ्या नावातला दीर्घ उच्चार नीट लिहून घेतला.

माझा अर्ज नामंजूर झाला. दोन वर्षं मला नदीकाठचा परवाना मिळणार नाही. मारुयामा-सानच्या परवान्याची मुदत जूनअखेर संपते, तोवर पेट्या हलवायच्या. वरच्या राईचा निर्णय शरद ऋतूत होईल. त्यात माझ्या बोलण्याचा उपयोग झाला की तोटा, सांगता येत नाही. संपल्यावर ते सफरचंदवाले आजोबा बाहेर चपला घालत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझ्या बागेच्या वरच्या टोकाला सपाट जागा आहे. रस्ता खराब आहे.” मी म्हटलं, “रस्त्याचं बघू.” मारुयामा-सान म्हणाले, “रस्ता खराब नाही, त्याची गाडी खराब आहे.” दोघं शाळेपासून असेच भांडतात म्हणे.

अजून एक गोष्ट मी तिथेच बोलून आले. तोडलेल्या बुंध्यांच्या मुळांतून गोट्यांत सगळीकडे कोंब फुटलेत, माझ्या गुडघ्याएवढे झालेत. दोन वर्षांत आधीपेक्षा दाट राई होईल आणि तुझ्या शेवंतीला पुन्हा ऊन मिळणार नाही. मी म्हटलं, दर वर्षी ते उपटायला माणसं लागतील, पहिलं नाव माझं लिहा. मियाशिता-सान म्हणाले, “पण आपल्या माश्यांना तर ही झाडं...” मी म्हटलं, “बांधालगतची ठेवा. मुलीने ठेवली होती तिथलीच. गोट्यांतली मी काढते.” त्यांनी नाव लिहिलं. खाली अजून तीन नावं आली, एक शेजारच्या काकूंचं.

बैठकीनंतर मियाशिता-सान, सेन्सेई, मारुयामा-सान आणि मी पुलाखाली गेलो. नोंदीसाठी फोटो हवे होते, म्हणून नकाशा बघत बघत प्रत्येक बुंध्याच्या कोंबाला त्याची त्याची फीत परत बांधली. सेन्सेई आकडा सांगायचे, मी बांधायची. सतराच्या शेजारी गोट्यांत करड्या पानांची बोटभर रोपं होती. मी पाय ठेवणारच होते. सेन्सेईंनी माझा दंड धरला आणि म्हणाले, “हीच ती.” मी खाली बसून बघितली. चार वर्षं या नदीवर आहे, शेवंती मी पहिल्यांदा पाहिली.

आज सकाळी पेट्यांकडे जाताना परत तिकडे वळले. रात्री वारा होता. नऊ फिती गोट्यांत पडल्या होत्या. गोळा केल्या. पुन्हा बांधल्या. पुलावर चढेपर्यंत त्यातली एक परत खाली.

बहर अजून चार दिवस पुरेल. मध नितळ आहे, बाटलीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. एक बाबांना, एक तुला ठेवलीय.

सात जूनला, शनिवारी सकाळी सहाला, पुलाखाली कोंब उपटायला सुरुवात करतोय. काटे फार आहेत. जाड हातमोज्यांचे दोन जोड आणलेत, एक तुझ्या मापाचा. तू आली नाहीस तरी मी तिथे असेन, त्याच्या पुढच्या शनिवारीही. कोंब मला जमतील.

फिती तेवढ्या तुला बांधाव्या लागतील. माझ्या गाठी सुटतात.

आई